डाव्या हाताचं सारवण

या, असे पुढे सरका. मागं भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट डोळा लागून ऐकायची नव्हे. टाळ मांडीवर ठेवा, वाजवायची वेळ आली की मीच सांगेन. आज तुम्हाला एका ओट्याची कथा सांगतो. ओटा देवळाचा आहे, पण तो दगडाचा नाही आणि मातीचाही नाही. टेकायला गेलात तर थेट जमिनीवर याल. तरी त्याला सारवण आहे, आणि त्या सारवणापायी एका पोरीनं भल्या माणसांशी उभा दावा मांडला. सांगताना पदरचं थोडं घालीन, पण ओट्याला धक्का लावणार नाही.

तर, संजीवनी म्हणाली, "नाही करणार, सर."

बारामतीत भिगवण रस्त्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. त्याच्या अंगानं जिना चढून गेलं की हे ऑफिस लागतं. खाली दिवसभर ठोकाठोक, समोरून उसाच्या ट्रॉल्या, आणि वर ही मुलं पडद्याकडे बघत बसलेली. तिथं कॉम्प्युटरवरचे आणि मोबाईलवरचे खेळ बनतात. त्या वेळी चालू होता तो खेळ साधा होता. एका पोरीची गाय हरवली आहे, आणि खेळणाऱ्यानं ती पोरगी होऊन गावभर हिंडत गाय शोधायची. गाव उभं करायचं काम संजीवनीकडे होतं. ही शेळगावकडच्या एका वस्तीवरची, बारामतीत खोली घेऊन राहणारी, आणि शनिवारी न चुकता घरची बस धरणारी पोरगी.

तिच्या खुर्चीमागं ऋषिराज उभा होता. तो तिथला प्रमुख, मूळचा सुप्याचा. कोरडवाहू भागातला माणूस, पाण्यासारखा शब्दही जपून वापरायचा. पडद्यावर गावातलं विठ्ठलाचं देऊळ होतं, आणि देवळाच्या ओट्यावर लाल खूण होती. ती श्रेयानं लावलेली. श्रेयाचं काम खेळून बघायचं आणि चुका काढायच्या. त्या कामात तिच्या डोळ्याला देवसुद्धा वचकून असेल. तिनं लिहिलं होतं की ओट्याचं सारवण उलटं लागलं आहे. घराला जसा गिलावा, तसा खेळातल्या भिंतीला रंगरूपाचा एक पापुद्रा चढवतात. तो चुकून आरशातल्यासारखा उलटा चढला की बोटांच्या कोरी, म्हणजे सारवताना उमटणाऱ्या त्या कमानी, भलत्याच बाजूला वळतात. गावातल्या बाकी घरांना विकत आणलेलं तयार सारवण होतं, त्याच्या कोरी एका बाजूला, ओट्याच्या दुसऱ्या. सरळ करायला एक बटण पुरे होतं.

ऋषिराजनं तेच शांतपणे सांगितलं होतं. त्यावर संजीवनीचं ते "नाही करणार" आलं.

त्यानं कारण विचारलं. ती म्हणाली की ते उलटं नाहीच, ज्या बाईनं सारवलंय तिचा हात डावा आहे. ऋषिराजनं कप टेबलावर ठेवला. तो काही दगडाच्या काळजाचा नव्हता. म्हणाला, "हे तुला माहीत आहे. खेळणाऱ्याला काय माहीत? त्याला वाटणार, आपण झोपेत काम केलंय."

"मग त्याला कळेल असं करते."

"कसं? पाटी लावणार?"

"पाटी नाही लावायची, सर."

त्यानं सांगितलं की शुक्रवारी खेळ पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे जाणार. तोवर ओटा डोळ्याला खटकायचा थांबला तर ठीक, नाही तर वर फरशी टाकून मोकळं व्हायचं, हल्ली देवळांना फरशीच असते.

संजीवनीनं माऊस सोडला. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "फरशी तुम्ही टाका. आणि टाकाल त्या दिवशी माझी सगळी घरंही काढा, मी दुसरीकडे काम बघते. त्या बाईचं सारवण एकदा धुतलं गेलंय, सर. दुसऱ्यांदा माझ्या हातानं नाही धुणार."

खालची ठोकाठोक तेवढी चालू राहिली.

आता हे धुण्याचं काय प्रकरण, ते ऐका.

रंगूबाई ही संजीवनीची चुलती. वस्तीवर सून म्हणून आली तेव्हा चुलीशी, गोठ्यात, भांगलणीला कुठंच मागं नव्हती. फक्त हात डावा. माहेरी आईनं चटके देऊन पाहिले, हात बदलला नाही. वस्तीवर विठ्ठलाचं लहानसं देऊळ, तिथं दर साल सप्ताह बसायचा. सप्ताहाच्या आदल्या दिवशी बायका ओटा सारवायच्या. वर पांडुरंग, पुढ्यात ओला हिरवा ओटा, आणि त्यावर बोटांच्या कोरी, जशा पाण्यावर लहरी. पहिल्याच वर्षी रंगूबाई हौसेनं बादली घेऊन गेली आणि एका कोपऱ्याला बसली. तिच्या कोरी बाकीच्यांशी जुळेनात, जिथं दोघींचं सारवण मिळालं तिथं ओट्याला जणू भांग पडला. शकुबाईनं ते पाहिलं. शकुबाई म्हणजे वस्तीवरची वडीलधारी, तिला लहानथोर सगळे आक्का म्हणत आणि तिच्या शब्दावर पंगतीही उठत. ती म्हणाली, डावरा हात देवाला न्हाय. मग तिनं स्वतः घागर आणली, रंगूबाईच्या वाट्याचा कोपरा धुऊन काढला आणि उजव्या हातानं पुन्हा सारवला. भांडण झालं नाही, शिवी नाही. पाणी पायरीवरून खाली गेलं आणि रंगूबाई बादली घेऊन घरी.

त्यानंतर तिनं अख्खी वस्ती सारवली. बाळंतिणीच्या खोल्या, लग्नाचे मांडव, सप्ताहाच्या स्वयंपाकाची जागा. ओट्याला मात्र कधी हात लावला नाही. कीर्तनाला ती ओट्याखाली, मातीत बसायची. आणि ऐकायची कशी, तर बुवांच्या आधी तिच्या ओठांवर अभंग यायचा. एका सप्ताहात बुवांनी विचारलं होतं, पांडुरंगाकडे बघा आणि सांगा, त्यानं कुठला हात पुढं केलाय? माणसं गोंधळली. बुवा म्हणाले, एकही नाही. दोन्ही कमरेवर, सारखेच, म्हणजे तुम्ही भांडायला नको. टाळ्या पडल्या. बायकांनी डोळ्याला पदर लावले. आणि पुढच्या साली ओटा सारवायला रंगूबाईला कुणी बोलावलं नाही. कीर्तन अंगावरून वाहून जातं, मंडळी. अंगात मुरायला वेळ लागतो.

संजीवनी त्या वेळी लहान, चुलतीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकणारी. पुढं ती शिकली, बारामतीला आली, आणि तिला हे पडद्यावर घरं बांधायचं काम मिळालं. भिंती उभ्या करणं कुणालाही जमतं. घर राहतं वाटलं पाहिजे, ती तिची हौस. ओसरीच्या भिंतीवर म्हातारे टेकतात तिथं पाठीच्या उंचीवर तेलकट चकाकी. दिवळीच्या वर काजळीची जीभ. पागोळ्या पडतात त्या रेषेत जमिनीला खळगे. पानाला चुना लावून झाल्यावर बोट पुसतात ती चौकट. ऋषिराज कौतुक करायचा आणि तिला हळूच सांगायचाही की गाय शोधणाऱ्याला चुन्याचं बोट दिसत नसतं. ती म्हणायची, दिसत नाही, पण नसलं की कळतं.

देवळाचा ओटा आला तेव्हा तिला विकतचं सारवण लावावंसं वाटेना. शनिवारी घरी गेली, गोठ्यामागं मोकळी माती होती ती जागा झाडली, आणि रविवारी सकाळी ऊन यायच्या आत मोबाईल घेऊन चुलतीला बोलावलं. चारी अंगांनी फोटो काढायचे, ते जोडले की कॉम्प्युटर तीच जमीन जशीच्या तशी उभी करतो.

रंगूबाईला खेळाची कल्पना सांगितली. तिनं शेणात पाणी घालता घालता एवढंच विचारलं, "गाय हरावली कशी? दावं नीट बांधलं न्हवतं का त्या पोरीनं?"

"खेळच तसा हाय, काकू."

"मग खेळायला शिकवा, आन् दावं बांधायलाबी शिकवा." असं म्हणून ती बसली. बादली डाव्या हाताला. पहिला हात फिरवणार, तोच संजीवनी म्हणून गेली की हे देवळाच्या ओट्याला लावायचंय.

रंगूबाई थांबली. बादली उचलली, उजव्या अंगाला ठेवली आणि उजव्या हातानं सारवू लागली. हात कच्चा. कोरी तुटक, कुठं शेणाचा गोळा तसाच राहिलेला. जन्मभर वस्ती सारवलेली बाई नव्या पोरीसारखी चाचपडत होती.

संजीवनीनं मोबाईल खाली घेतला. "काकू, तुझ्या हातानं कर."

"देवाचं हाय म्हणलीस न्हवं?"

"देवानं दोन्ही हात कमरंवर ठेवलेत. बुवा सांगत न्हवते का?"

"बुवा सांगून गेलं," रंगूबाई म्हणाली. "सारवाय कुणी बोलावलं मला?"

ती तशीच उकिडवी बसलेली, शेणानं भरलेला उजवा हात गुडघ्यावर. पलीकडे डाळिंबाच्या बागेत कुणीतरी मोटर चालू केली. मग ती बोलली ते माझ्या मते कीर्तनात सांगावं असं बोलली, म्हणून जसंच्या तसं सांगतो.

"संजे, सप्त्याच्या पंगतीला भाकरी कुणी थापल्या? मीच ना. ह्याच हातानं. बुवांनी खाल्ल्या, आक्कानं खाल्ल्या, निवदाच्या ताटातबी त्याच गेल्या. तवा कुणी इचारलं न्हाय रंगूचा हात कंचा. पांडुरंगाला माझी भाकर चालती, आन् माझं सारवण चालंना व्हय?"

उत्तराची वाट न बघता तिनं उजवा हात धुतला, बादली पुन्हा डावीकडे घेतली, झालेलं सगळं एका ओल्या बोळ्यानं पुसून टाकलं आणि पहिल्यापासून सारवलं. डावा हात असा फिरला, जशी चिपळी वाजते. न अडखळता, एकाला एक लागून, कोरीवर कोर. संजीवनी फोटो काढत भोवती फिरत राहिली. शेवटी रंगूबाई उठली, कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली, दोन्ही हात. तोही फोटो संजीवनीनं काढला, पण तो तिनं ऑफिसात कुणाला दाखवला नाही.

हे सारवण होतं, मंडळी, ज्याच्यावर श्रेयानं लाल खूण केली.

आता संजीवनीपुढं प्रश्न पडला. ऋषिराजचं म्हणणं तिला आतून पटलं होतं, तेच तर दुखत होतं. एकटा ओटा वेगळा असला की तो चूकच दिसणार. आक्कालाही तेच दिसलं होतं, ओट्याला पडलेला भांग. मग तिच्या मनात आलं की चूक एकटी असते म्हणून चूक दिसते. त्या हाताचं सगळं घर उभं केलं तर?

देवळाच्या वाटेवर एक रिकामं घर होतं. नुसती गर्दीसाठी उभी केलेली भिंत आणि दार. संजीवनीनं ते घेतलं. घरात चूल मांडली आणि सरपणाची चळत डाव्या हाताला लावली. पाण्याचा तांब्या डावीकडे. विळी अशी ठेवली, की बसणारी बाई कोणत्या हातानं चिरते ते समजावं. काठवटीला आतून, भाकरी थापून थापून येतो तसा, एका अंगाला गुळगुळीतपणा आणला, तो डाव्या अंगाला. दाराच्या डाव्या चौकटीला कुंकवाची बोटं. केरसुणीचा झिजलेला कोपरासुद्धा तिनं उलटा झिजवला. मग भिंतींना तेच सारवण दिलं, अंगणाला तेच, अंगणातून देवळाच्या वाटेवर, मांडव घालतात त्या जागेवर, वाटेनं जाता जाता कोरी सोबत चालाव्यात असं, थेट ओट्याच्या पायरीपर्यंत आणि पायरीवरून वर.

तिच्या वाट्याची बाकीची कामं मागं पडली. ऋषिराज येऊन बघून जायचा. एकदा एवढंच म्हणाला की विळीला खेळात कुणी हात लावणार नाही. ती म्हणाली, लावू नये, धार आहे.

शुक्रवारी सकाळी श्रेया पुन्हा खेळायला बसली. संजीवनी मुद्दाम खाली चहाला गेली नाही. खुर्चीत बसून राहिली, पण पाठ फिरवून. श्रेयाला तिनं काहीच सांगितलं नव्हतं. खेळातली पोरगी गाय शोधत निघाली. रिकाम्या गोठ्यात डोकावली, आडाशी गेली, मग त्या घरात शिरली. श्रेया तिथं रेंगाळली. चुलीपाशी वळली, विळीपाशी वळली. बाहेर येऊन वाटेनं चालत राहिली, नजर खाली ठेवून, कारण खालच्या कोरी तिला पुढं नेत होत्या. देवळाशी पोचली, ओट्यावर चढली आणि उभी राहिली. मग खुर्चीतल्या श्रेयानं आपला स्वतःचा डावा हात उचलून हवेत एकदा फिरवून बघितला.

लाल खूण तिनंच काढून टाकली. खूण काढताना कारण लिहावं लागतं, तिथं तिनं लिहिलं, "चूक नाही. इथं एक बाई राहते."

ऋषिराजनं ते वाचलं. संजीवनीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. सुप्याचा माणूस, शब्द जपून वापरणारा. म्हणाला, "माझी आई डाव्या हातानं सुई धरायची. शाळेतून आल्यावर दोरा मी ओवून द्यायचो, म्हणून माहीत." आणि जाता जाता, "फरशी राहू दे."

खेळ पुण्याला गेला. गिऱ्हाइकानं आकाशाचा रंग बदलायला सांगितला, गायीची शिंगं थोडी लहान करायला सांगितली. ओट्याबद्दल अवाक्षर आलं नाही. न आलेल्या त्या अक्षरासाठी संजीवनीनं शनिवारी बस धरताना पेढे घेतले.

रविवारी वस्तीवर अंगणात लॅपटॉप उघडला. तोवर गोठ्यामागची ती जागा उरली नव्हती. कांदा साठवायला शेड घालायची म्हणून त्या मातीवर जाड कोबा पडला होता. देवळाच्या ओट्यालाही मागच्याच साली फरशी आली होती. कुणाच्याच हाताचं तिथं आता काही नव्हतं, ना उजव्या, ना डाव्या. खेळ बघायला चार बायका जमल्या आणि त्यांच्यात काठी टेकत शकुबाईही आली. तिला खुर्ची दिली. आता पुष्कळ थकली होती, पण नजर तीच.

संजीवनीनं पोरगी चालवली. घर आलं, बायका हसल्या, अगं ही रंगूची काठवट, म्हणाल्या. वाट आली. देऊळ आलं. पोरगी ओट्यावर चढली, आणि सकाळच्या तिरक्या उन्हात सगळ्या कोरी एकदम उठून दिसल्या.

शकुबाई पुढं वाकली. कुणी काही सांगितलं नव्हतं. "हे रंगूचं हाय," ती म्हणाली.

हसणं थांबलं. जुन्या बायकांना सगळं आठवत होतं. रंगूबाई तिच्या खुर्चीशेजारी खालीच बसली होती, मातीत बसायची तशी. तिनं मान वर केली.

"व्हय, आक्का. माझंच हाय. धू आता."

आवाजात राग नव्हता, आणि माघारही नव्हती. शकुबाई पडद्याकडे बघत राहिली. काठीवरचा हात वर झाला, पुन्हा खाली आला. वाटलं, उठून जाईल. ती उठली नाही. तिनं काठीचं टोक पडद्यावरच्या त्या पोरीकडे केलं आणि संजीवनीवर डाफरली.

"ही भवानी चपला घालून चढली वर. तिला काढाय लाव. सारवण मोडतंय रंगूचं."

रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते कुणी बघितलं नाही; सगळ्या जणी आपापल्या पायांकडे बघत होत्या.

सोमवारी संजीवनीनं ऋषिराजला सांगितलं की अजून एक काम राहिलंय. त्यानं कपाळाला हात लावला, पण एक दिवस दिला. आता त्या खेळात पोरगी देवळाशी आली की पायरीशी थांबते. चपला काढते, एकीला एक लावून ठेवते आणि अनवाणी वर जाते. गाय तिथं सापडत नाही. वर चढल्यावाचूनही खेळ पुरा होतो. पण जे चढतात, त्यांना पायरीशी चपला काढाव्याच लागतात, मग ते पुण्याचे असोत नाही तर सातासमुद्रापलीकडचे.

आता उचला टाळ. आणि एक मागणं आहे, ते ऐकून मगच वाजवा. तुमची नातवंडं हातात मोबाईल घेऊन गाय शोधताना दिसली, आणि ती पोरगी देवळाच्या पायरीशी वाकलेली दिसली, की रागावू नका. घटकाभर बघत उभे राहा, आणि ओट्याखाली मातीत बसून कीर्तन ऐकणाऱ्या आमच्या रंगूबाईची आठवण काढा.